दोन डायलिसिसच्या मधला रस्ता



समितीने मला विषय दिला आहे 'सहलीचं नियोजन'. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. डिसेंबरात मी आपल्या ग्रुपवर भंडारा ते नवेगावबांध अशा दोन दिवसांच्या प्रवासाची एक्सेल शीट टाकली आणि तेव्हापासून आठवड्याला एक तरी फोन येतो, "ती तलावांची शीट परत पाठव ना, माझ्याकडून डिलीट झाली." फोन करणाऱ्यांपैकी निम्म्यांनी एक प्रश्न हमखास विचारला. त्या शीटमध्ये 'पाणी (मिली)' हा रकाना कशासाठी? 'पाळीवर गाडी जाते का' हा कशासाठी? आणि प्रत्येक थांब्यापुढे 'भंडारा किंवा गोंदिया, किती मिनिटं' हे का लिहिलंय? एकाने तर विचारलं, "तू सहलीला निघाली होतीस की रॉकेट सोडायला?"

तर आज त्या रकान्यांबद्दलच बोलते. नियोजनावर वेगळं काही सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

माझ्या बाबांना तुमच्यापैकी बरेच जण ओळखतात. लघुपाटबंधाऱ्याचे साहेब. आपल्या घराच्या ओट्यावर नकाशे पसरून बसायचे आणि आपण लंगडी खेळताना नकाशावर पाय पडला की ओरडायचे, तेच. चार वर्षांपूर्वी त्यांच्या किडन्या थकल्या. आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं, सोमवार, बुधवार, शुक्रवार, दर खेपेला चार तास. हे सगळं सांगायची त्यांची परवानगी घेतली आहे. "सांग, पण रडगाणं नको," एवढीच अट त्यांनी घातली.

गेल्या दिवाळीत मी पुण्याहून आले तेव्हा त्यांनी एक कागद पुढे केला. पाठकोऱ्या कागदावर शिसपेन्सिलीने अकरा तलावांची नावं. म्हणाले, "हे एकदा पाहायचे आहेत. गाडी तू चालवशील, तर."

आमच्या धंद्यात काम सुरू करायच्या आधी बंधनं लिहून काढायची सवय असते. बंधनं नीट लिहिली की अर्धं काम होतं, कारण काय करायचं नाही ते आपोआप ठरतं. इथे पहिलं बंधन होतं वेळ. शुक्रवारी दुपारी बाबा मोकळे होतात, सोमवारी सकाळी परत हजर. मधले शनिवार-रविवार. पण हीच आठवड्यातली सगळ्यात लांब फट, आणि शरीरात पाणी आणि पोटॅशियम साठतं ते या फटीतच, त्यामुळे डॉक्टर तिलाच सर्वांत जास्त जपायला सांगतात. दुसरं बंधन पाण्याचं. बाबांना चहा, आमटी, ताक सगळं धरून दिवसाला एक लिटर. तिसरं, दोनशे पावलांच्या वर चालवत नाही. चौथं, डाव्या हातावर फिस्तुला आहे, त्या हातावर भार नको, दाब नको. पाचवं, काही झालंच तर दीड-दोन तासांत डायलिसिसची सोय असलेल्या गावात पोचता आलं पाहिजे. आपल्याकडे ती गावं म्हणजे भंडारा आणि गोंदिया.

आता ही पाच बंधनं नकाशावर टाकून पाहा. महाबळेश्वर गेलं, गोवा गेला, काशी गेली. उरला तो नेमका बाबांच्या कागदावरचा मुलूख. लाखनी, साकोली, सडक अर्जुनी, नवेगावबांध, अर्जुनी मोरगाव, लाखांदूर, पवनी. आपण शाळेत असताना एसटीच्या खिडकीतून पाहिलेला आणि नंतर विमानाच्या खिडकीतूनही न पाहिलेला. आपल्या वर्गातले सात जण स्वित्झर्लंडची तळी पाहून आलेत, फोटो मी पाहिलेत, छान आहेत. त्या सातांपैकी किती जण नवेगावबांधला गेलेत, ते मी हात वर करून विचारणार नाही. पुढे बाई बसल्यात.

महिना डिसेंबरच का, तर दोन कारणं. थंडीत तहान कमी लागते, हे पहिलं. आणि तलाव तेव्हा भरलेले असतात, हे दुसरं. धानाची कापणी झालेली असते, बांध्यांमध्ये लाखोळी उगवलेली असते, खळ्यावर पुंजणे रचलेले असतात. जुलै-ऑगस्टात रोवणीच्या वेळी हा भाग जास्त हिरवा दिसतो, पण चिखलात बाबांना उतरवायचं कसं? आणि मे महिन्यात आपल्याकडे काय असतं ते पुण्या-मुंबईच्या सुनांना आणि जावयांना विचारा.

'पाळीवर गाडी जाते का' या रकान्याने सगळ्यात जास्त वेळ खाल्ला. तलाव म्हणजे पाळीवरून पाहायची गोष्ट. खालून नुसता मातीचा उंचवटा दिसतो. पण दोनशे पावलांत पाळ चढून पाणी दिसेल असे तलाव कुठले, हे कुठल्याच ॲपवर नाही. उपग्रहाच्या नकाशावर मला पाळी दिसत होत्या, त्यावरच्या वाटाही दिसत होत्या, पण ती बैलगाडीची वाट की मोटारीची, हे वरून कळत नाही. इथे कामाला आली आपली एक मैत्रीण. कबड्डीत मुलांनाही आडवं पाडणारी. कोण ते तुम्ही ओळखलंच, ती तिकडे तोंड लपवून हसते आहे. ती अर्जुनी मोरगाव तालुक्यात आरोग्य केंद्रात नर्स आहे. तिने आपल्या फेरीच्या गावांमधल्या पाळी स्कूटीवरून पाहिल्या आणि मला एकेका ओळीचे निरोप पाठवले. "जाते, पण वळवता येणार नाही." "जाते, बाभूळ आडवी आहे, तोडायला सांगितलंय." "जात नाही, पण शाळेच्या मागून पंचवीस पावलं." अकरापैकी पाच तलाव त्या निरोपांवर ठरले. दोन दिवसांत पाचच. नकाशाने सांगितलेल्या प्रत्येक वेळेला मी दीडने गुणलं आणि दर चाळीस मिनिटांनी पाय मोकळे करायला एक थांबा टाकला. एकूण अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याला ऑफिसातल्या मुलांना सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, हे तर सकाळी जाऊन संध्याकाळी परत."

शनिवारी सकाळी साडेसहाला निघालो. बाबा, आई, माझा चौदा वर्षांचा मुलगा आणि चालवायला मी. डिकीत वजनकाटा, उशा, घडीची खुर्ची, गोळ्यांचा डबा आणि आईच्या हट्टाने खारोड्यांची पिशवी, जी बाबांना मिठामुळे चालत नाही आणि आम्हा तिघांना फार चालते. पाण्याचा हिशोब नातवाकडे दिला होता. मीटरसारखा कडक. बाबांनी औषधापुरता घोट घेतला तरी लिहायचा.

महामार्ग ५३, आपल्या तोंडी अजून सहा नंबर. लाखनी मागे पडलं आणि बाबा बोलायला लागले. मुलाने विचारलं होतं की इथे एवढे तलाव का आहेत, कोणी खोदले? बाबा म्हणाले, "खोदले नाहीत, बांधले." हा फरक मलाही नीट माहीत नव्हता. आपल्याकडची जमीन हलक्या उताराची, मध्ये मध्ये टेकड्यांच्या रांगा. दोन टेकड्यांमधून पावसाचं पाणी वाहून जातं तिथे आडवी मातीची पाळ घालायची, की मागे तलाव. खड्डा नाही, अडवलेला उतार. वरच्या तलावाचा सांडवा वाहिला की ते पाणी खालच्या तलावात, त्याचं त्याच्या खालच्या बोडीत, आणि मधल्या सगळ्या बांध्या भिजत जातात. एका गावाचं जास्तीचं पाणी पुढच्या गावाची बेगमी. पूर्व विदर्भाच्या जिल्ह्यांत मिळून असे सहा हजारांच्या वर तलाव आहेत. बहुतेक कोहळी समाजाच्या लोकांनी बांधलेले, दोन-तीनशे वर्षांपूर्वीपासूनचे. गोंड राजांनी म्हणे सांगितलं होतं की जो तलाव बांधेल त्याला तलावाखालची जमीन. पुढे ते मालगुजारांच्या ताब्यात होते. १९५१ साली मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले आणि नावाला 'माजी' चिकटलं. माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा तलाव. माझ्या मुलाला वाटत होतं की कुणाच्या तरी मामाचे आहेत.

"आजोबा, पाळ वाकडी का आहे?" हा त्याचा पुढचा प्रश्न. साकोलीच्या अलीकडे एका पाळीवर आम्ही उभे होतो आणि पाळ खरंच सापासारखी गेली होती. बाबा म्हणाले, "सरळ रेघ कागदावर ओढतात. जिथे जमीन टणक तिथे पाळ जाते." मग खुर्चीत बसून त्यांनी काठीने मातीत काढून दाखवलं, टेकडी कुठे, खडक कुठे, सांडवा कडेला का ठेवतात, मधोमध का नाही. मातीची पाळ पाण्याने वरून ओलांडली की फुटतेच, म्हणून जास्तीचं पाणी खडकावरून काढून द्यायचं. लेव्हल नाही, दुर्बीण नाही. पावसात उभं राहून पाणी कसं धावतं ते बघायचं आणि ठरवायचं. मी वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, लोड वाढला की तो कुठे वळवायचा हाच माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. पण असं काम माझ्या हातून झालेलं नाही, की जे माझ्यानंतर कुणी तीनशे वर्षं वापरेल.

त्याच तालुक्यात, आडवाटेला, एक छोटा तलाव होता. कागदावर पहिलं नाव त्याचंच होतं. १९८६ साली बाबांनी त्याच्या सांडव्याची दुरुस्ती केली होती. पाळीवर गाडी गेली. सांडवा उभा होता. मधल्या चिरेत नंतर कुणीतरी सिमेंट भरलेलं, कडेला बेशरम माजलेली, आणि दगडांवर दोन बायका कपडे धूत होत्या. बाबांना तिथे कुणी ओळखलं नाही, त्यांनीही ओळख दिली नाही. एकीला विचारलं, "पाणी कुठवर पुरते, माय?" ती म्हणाली, "फागुनापर्यंत." बाबा बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. गाडीत बसल्यावर म्हणाले, "तेव्हा चैत संपेपर्यंत पुरत होतं. गाळ बसला." नंतर कोहमाऱ्याचा फाटा येईपर्यंत कुणी बोललं नाही. तिथून दक्षिणेला वळलो आणि जंगल सुरू झालं.

नवेगावबांधबद्दल मी काय सांगू? अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं सांगतात. जुन्या गॅझेटियरमध्ये तलावाचा घेर सतरा मैल दिलेला आहे. भोवतीच्या टेकड्यांना सात बहिणी म्हणतात, कारण पाळ बांधताना त्या सात बहिणींनी हात लावला अशी कथा आहे, आणि कोलू पाटलाचा पुढे कोलासुर देव झाला, त्याचं ठाणं एका टेकडीवर आहे. इंजिनिअरचा देव झाल्याचं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. आमच्याकडे रिलीजनंतर शिव्या मिळतात. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून इथेच राहिले आणि त्यांनी या तलावावर, इथल्या पक्ष्यांवर लिहिलं, हे आपल्याला मराठीच्या सरांनी सांगितलं होतं. सर, तुम्ही 'नवेगावबांधचे दिवस' वाचा म्हणून मागे लागला होता. आम्ही तेव्हा वाचलं नाही. आता वाचलं.

दुपारी बाबा झोपले. संध्याकाळी आपली नर्सबाई हजर झाली, रक्तदाब बघितला, पायावर बोट दाबून सूज बघितली आणि म्हणाली, "काका, नाटकाला येता का?" शीटमध्ये हे नव्हतं. दहा-बारा किलोमीटरवरच्या एका गावात मंडईनिमित्त झाडीपट्टीचं नाटक होतं. वडशाची मंडळी. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मी शीटकडे पाहिलं. दीडने गुणल्यामुळे दिवसभरात दोन तास शिल्लक पडले होते. नाटक दहाला सुरू होणार होतं, म्हणजे अकराला. धान कापलेल्या बांधीत मंडप, खाली तणसावर सतरंज्या, आम्हाला कडेला खुर्च्या. सासू-सुनेचं भांडण, मग गाणं, मग खलनायक, मग परत गाणं. आपण सगळ्यांनी हे लहानपणी मांडीवर झोपून पाहिलेलं आहे. बाबा विनोदी नटाला खोकला येईपर्यंत हसले. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्याने वळून चहाचा कप पुढे केला. नको म्हणणं आपल्याकडे जमत नाही. बाबांनी कप घेतला, ओठाला लावला आणि हळूच नातवाकडे सरकवला. "दहा मिली," नातू म्हणाला. पहिला अंक संपल्यावर उठलो. नाटक पहाटेपर्यंत चाललं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सुनेचं पुढे काय झालं ते आईला अजून हवं आहे.

रविवार लवकर आवरते. सकाळी तलावावर बदकांचे थवे पाहिले. इटियाडोहला गेलो, ते मोठं धरण आहे आणि बाबांना मोठ्या धरणांत फारसा रस नाही, त्यामुळे वीस मिनिटांत निघालो. जवळच गोठणगावची तिबेटी वसाहत आहे. सत्तरच्या दशकात ही मंडळी इथे येऊन वसली. डिसेंबरात तिथली बरीच घरं बंद असतात, कारण माणसं गावोगाव स्वेटर विकायला गेलेली असतात. आपल्या शाळेचे निळे स्वेटर आठवा, नागपूरच्या फुटपाथवर घासाघीस करून घेतलेले. ते विकणाऱ्यांची घरं इतकी जवळ होती हे मला माहीत नव्हतं. एका आजीबाईंनी लोण्याचा चहा दिला. बाबांचे दोन घोट, शीटमध्ये नोंद अशी: "३० मिली, खारट, परत देऊ नये."

अर्जुनीच्या बाजूला एका तलावावर मैत्रिणीने मुद्दाम थांबवलं. तिथे बेशरम काढून टाकलेली होती. त्या भागातल्या काही तलावांवर ढिवर समाजाच्या लोकांनी, त्यातही बायकांनी पुढे होऊन, हे काम केलं आहे. बेशरम उपटायची, पाण्याखालच्या देशी वनस्पती परत लावायच्या, म्हणजे गावठी मासा अंडी घालायला येतो आणि पाणपाखरंही येतात. बाबांनी बारीकसारीक विचारलं. कुठली वनस्पती, किती खोलीवर लावता, पाणी उतरल्यावर जगते का. त्यांच्या आयुष्यात तलाव म्हणजे पाळ, सांडवा आणि सिंचनाखालचे हेक्टर. पाण्याच्या आत काय असतं ते त्यांच्या कागदांवर कधी नव्हतं, असं तेच म्हणाले.

पवनी मात्र राहिली. तिथले जुने स्तूप, तटबंदी, नदीचे घाट बाबांना दाखवायचे होते. पण लाखांदूरला पोचेपर्यंत त्यांचा चेहरा उतरला होता. ते नाही म्हणाले असते, म्हणून मी विचारलंच नाही, गाडी साकोलीच्या रस्त्याला घेतली. वाटेत सानगडी लागलं. किल्ल्याच्या बुरुजामागे सूर्य गेला होता आणि तलाव तांब्याच्या परातीसारखा दिसत होता. बाबा गाडीतून उतरले नाहीत. काच खाली करून बसले.

सोमवारी सकाळी काट्यावर उभे राहिले. दोन डायलिसिसच्या मध्ये वाढलेलं वजन म्हणजे साठलेलं पाणी. घरी बसून शनिवार-रविवारी त्यांचं अडीच किलो तरी वाढतं. त्या दिवशी एक किलो नऊशे. टेक्निशियन मुलगा म्हणाला, "काका, काय केलंत? कुठे गेला होतात?" बाबा म्हणाले, "तलावावर." "आणि पाणी प्यायलात नाही?" "पाहिलं," बाबा म्हणाले.

आता तुमच्या फोनांबद्दल. आपल्या बॅचची सहल काढायची असेल तर ही शीट जशीच्या तशी वापरा, माझी हरकत नाही. फक्त एक करा. पाण्याचा रकाना काढून टाकू नका, त्याच्या जागी तुमच्या गाडीतल्या सगळ्यात अवघड माणसाची गरज लिहा. कुणाचा गुडघा असेल, कुणाचं तान्हं नातवंड, कुणाला दर तासाला सिग्रेट. आपण आता पंचेचाळिशीचे झालोत, प्रत्येक गाडीत एक तरी निघेल. मुक्काम नवेगावबांधला करा आणि खोल्या महिनाभर आधी सांगा. पेट्रोल महामार्ग सोडायच्या आधीच भरा. बैलगाडी समोर आली तर हॉर्न वाजवू नका, ती वळेल तेव्हा वळेल.

आमचा पुढचा फेरा जानेवारीच्या तिसऱ्या शनिवारी आहे. पवनी आणि कागदावरचे उरलेले सहा तलाव, त्यातले जमतील तेवढे. माझ्या मुलाची परीक्षा आहे, त्यामुळे मागची एक जागा रिकामी आहे. ज्याला यायचं असेल त्याने जेवणाच्या वेळी मला भेटावं. पाण्याचा हिशोब ठेवता आला पाहिजे.